केळ्यांनी भरलेलं तोंड

सडक्या केळ्यांचा वास आला की धुळ्यातल्या आमच्या कॉलेजचं कलाप्रदर्शन आठवतं. माणसाच्या हावरटपणावर आम्ही कागदाच्या लगद्याचं भलंमोठं तोंड केलं आणि त्यात चांगली पिकलेली केळी कोंबली. चमकावीत म्हणून वर वार्निश मारलं. पाहुण्यांनी वाहवा केली, पहिलं बक्षीस दिलं. चौथ्या दिवशी हॉल झाडणाऱ्या अक्कांनी एक केळं उचलून विचारलं, "भाऊ, हाई खावाले चाली का?" "नाही अक्का, वार्निश मारलंय." त्यांनी ते खाली ठेवलं, हात पदराला पुसला. "चांगलं व्हतं ना ते," एवढंच म्हणाल्या. प्रदर्शन संपेपर्यंत केळी सडली; त्यांचा तो चिकट, काळा लगदा मी कोपरापर्यंत हात घालून कचऱ्यात भरला आणि मला माझीच किळस आली. आता मी मुलांना चित्रकला शिकवतो, पण त्या बक्षिसाबद्दल त्यांना कधी सांगितलेलं नाही.