सोफ्यातला वकील

आमच्या काकांच्या घरात शिरायचं म्हणजे आधी दुसऱ्यांच्या सोफ्यांवरून चढून जावं लागतं. पुढची खोली दुकान, मागची खोली घर, आणि मधल्या दारात कायम कुणाचा तरी सोफा पाय वर करून पडलेला. काका सोफ्यांना नवी कव्हरं चढवतात, फोम बदलतात, स्प्रिंगा बांधतात. स्वतःचा सोफा मात्र नाही. ज्या गिऱ्हाइकाचा पडून असेल त्याच्यावर बसायचं आणि तो न्यायला आला की उठायचं.

मी दिवसा त्यांच्या हाताखाली असतो. काम करताना काका बारीक खिळे तोंडात धरतात. जिभेने एकेक ओठांवर आणायचा आणि ठोकायचा. त्यामुळे दिवसभर बोलायची सोय नाही, आणि संध्याकाळपर्यंत सवय मोडलेली. लग्नानंतर काकूने सुरुवातीला खिळे संपायची वाट पाहिली, मग नाद सोडला. भांडण असं कधी झालं नाही. भांडायलाही बोलावं लागतं. मुलगी होती तोवर इकडचे निरोप तिकडे न्यायचं काम तिच्याकडे होतं. ती लग्न होऊन गेली आणि त्या जागेवर बोका आला.

त्याला कुणी आणलं नाही. एका जुन्या सोफ्याबरोबर आला, सोफा परत गेला, हा राहिला. दोन्ही पक्षांचं निमूट ऐकून घेतो म्हणून गल्लीने त्याचं नाव वकील ठेवलं.

"वकील, मालकांना सांग, चहा निवतोय."

"वकील, तिला म्हणावं, आलोच."

या व्यवस्थेत एक मोठी सोय होती. बोक्याला सांगितलेल्या गोष्टीला उत्तर द्यायचं बंधन नसतं. "वकील, मोरीचा नळ गळतोय," असं काकू म्हणाली की काका तो तिचा आणि बोक्याचा खाजगी मामला समजून सोडून देत. शिवाय वकील शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोफ्यांवर नखं परजून यायचा, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता.

अशा घरात एक दिवस दाढीवाला आला. हा फोमचा व्यापारी, काकांचा जुना दोस्त. त्याच्या ओळखीच्या एका कारखान्यात बसगाड्यांच्या सीट बनतात, बऱ्याच लांबच्या गावी. तिथे नव्या कामगारांना शिकवायला जाणता माणूस हवा होता. राहायला कारखान्यावरच खोली, पण एकट्यापुरती.

"शनिवारपर्यंत सांग," दाढीवाला म्हणाला. "आणि हो म्हण. इथे कुणाच्या तरी सोफ्याखाली सापडून मरशील."

काकांना जायचं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला कारखान्याची शेड किती उंच असते ते दोनदा सांगितलं. "मान वर केली तरी डोक्याला काही लागत नाही म्हणे." इथे मान वर केली की रेक्झिनच्या गुंडाळ्या लागतात. मला त्यांच्याकडे बघवेना.

"काकूला सांगितलंत का?"

"सांगतो की. वकील मोकळा झाला की."

वकील काही मोकळा होईना. तो काकूच्या मांडीवर, नाहीतर काकूच्या पायाशी, नाहीतर सरळ झोपलेला. झोपलेल्या बोक्याला एवढी मोठी गोष्ट कशी सांगायची, असा काकांचा प्रश्न. गुरुवारी एकदाची काकू भाजी आणायला बाहेर पडली. काका शाळेतल्या बाईंचा सोफा उलटा टाकून तळाचं कापड ठोकत होते. तोंडात खिळे होते, तरी पुटपुटणं चालू होतं. "वकील, तिला म्हणावं, मला बोलावलंय. कायमचं नाही म्हणावं. येऊन-जाऊन राहीन." मनासारखं वाक्य जुळेपर्यंत चारी बाजू ठोकून झाल्या. टेम्पो आला, सोफा गेला.

संध्याकाळी वाटीतलं दूध तसंच राहिलं.

काकूने गल्ली पालथी घातली. काकांनी गच्ची पाहिली, गटाराच्या कडेने फिरून आले. मग दोघं घरात बसली आणि घर असं गप्प झालं की मोरीचा नळ पुढच्या खोलीत ऐकू यायला लागला. काकूने चहा आणून शिलाई मशीनवर ठेवला आणि न बोलता गेली. तो निवतोय हे सांगणार कोण? काकांनी तसाच प्यायला. सकाळी त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"तू सांगतोस का तिला?"

"काय?"

"तेच. कारखान्याचं."

"काका, मी म्याव करणार नाही."

ते हसले नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. शाळेतल्या बाई होत्या. "अहो मास्तर, तुमचा सोफा रात्रीपासून रडतोय. आमचे हे म्हणतात, स्प्रिंग आहे. स्प्रिंग म्याव करते का?"

काकांचा चेहरा असा उतरला की मीच त्यांच्या पिशवीत हत्यारं भरली. बाईंच्या दिवाणखान्यात सोफा उलटा केला. तळाच्या कापडाला आतून नखांचे फुगवटे आले होते, पण एकही खिळा सुटला नव्हता. काकांचं काम पक्कंच. त्यांनी खिळे उपटून कापड सोडवलं आणि स्प्रिंगांमध्ये हात घातला. वकिलाने हातावर दोन लांब ओरखडे काढले, मग मुकाट पिशवीत बसला.

"कसा काय राहिला आत?" बाईंनी विचारलं.

"ऐकत बसला असेल," काका म्हणाले.

वाटेत त्यांचा जीव भांड्यात पडला होता. आता घरी जाऊन याला मांडीवर घेतो आणि सांगून टाकतो, म्हणाले. घरात पिशवी उघडली. वकिलाने उलट्या सोफ्यांची ती रांग पाहिली आणि खिडकीतून थेट समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. काकूने हाका मारल्या, दूध दाखवलं. तो आत येईना. हातावर रक्त घेऊन काका मधल्या दारात उभे. काकूने हळद आणली आणि लावायला घेतली. इतक्या जवळ आल्यावर कुठे बघावं ते दोघांना कळेना.

"अगं," काका म्हणाले. "मला बोलावलंय."

"माहीत आहे. दाढीवाले काय हळू बोलतात? मधे नुसता पडदा तर आहे."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

काकांनी खिडकीतून वकिलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ का?"

काकूने हळदीचं झाकण लावलं. मान वर करून बघितलं. "जाऊ नका," म्हणाली. "मला एकटीला नाही जमणार."

हेच तिने बोक्याला सांगितलं असतं, तर काकांनी बघू म्हणून रविवारी ट्रंक भरली असती. पण हे तोंडावर आलं होतं, आणि तोंडावर आलेल्या गोष्टीचं काय करायचं याचा काकांना सरावच नव्हता. ते "बरं" म्हणाले.

शनिवारी त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. दाढीवाला तिकडून एवढा ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं.

"अरे पण का?"

"घरून नको म्हणाले."

"घरून? ती बोलते तुझ्याशी?"

"आता बोलते."

"अहो," आतून काकूची हाक आली, "ताट वाढलंय."

काकांनी फोन ठेवला. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावरून पाय टाकत मला म्हणाले, "आता लगेच जावं लागतं." आणि आत बघून मोठ्याने, "आलो."