गाडीतला पिवळा दिवा

बाबांनी सगळी नोकरी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटांमधले दोष शोधण्यात घालवली. शाई जरा फिकी दिसली की नोट बाजूला. घरीही तेच. पोळीचा काठ कच्चा राहिला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. म्हणूनच त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जे झालं, त्याचा मला आजही आसुरी आनंद होतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि बाबा आपल्या जुन्या, लाडक्या गाडीत बसले. किल्ली फिरवली आणि ओरडले, "अगं, हा पिवळा दिवा कधी लागला?"

"हा होय?" शेजारी बसलेली आई म्हणाली. "हा तर कितीतरी वर्षं आहे. मला वाटलं, गाडी चालू असली की लागतो."

"मला तो काचेवरचा कवडसा वाटायचा," बाबा बोलून गेले आणि तिथेच फसले.

"म्हणजे इतकी वर्षं दिवा दिसत नव्हता? मग सिग्नल दिसत होते का?"

आई पर्स घेऊन खाली उतरली. "तो दिवा गेल्याशिवाय मी या गाडीत बसायची नाही."

आईला शेजारी बसवून इंदिरानगरला माझ्याकडे येणं, हे बाबांच्या आठवड्याचं एकमेव सुख होतं. आता आई रिक्षाने यायची आणि तिच्या मागे गाडीतून एकटे बाबा. मला दोघांचाही राग यायचा आणि बाबांची दयाही यायची.

गॅरेजवाल्याने ऑइल बदललं, सगळं तपासलं. "काका, गाडी लय भारी हाय. दिवा नुसती सर्व्हिसिंगची आठवण करून देतो. पण या जुन्या मॉडेलचा बंद कसा करायचा, ते मला नाय माहीत."

शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवर व्हिडिओ शोधला. गाडी बंद असताना मीटरजवळचं बटण दाबायचं, ते न सोडता किल्ली फिरवायची आणि दिवा जाईपर्यंत बटण दाबून धरायचं.

"हं, विझव आता," बाबा म्हणाले.

"विझव काय म्हणता? शांत कर म्हणा," फाटकातून आई.

बाबा बटण दाबायचे, मी किल्ली फिरवायचे. दिवा नुसता लुकलुकला की "गेला!" म्हणून ते बटण सोडायचे आणि तो पुन्हा हजर. माझं डोकं फिरलं. "बाबा, आयुष्यभर मला विचारलंत, काय दिवे लावलेस? आता हा एक जाईपर्यंत तरी दम धरा!"

त्यांनी दम धरला. दिवा गेला. आई पुढे येऊन बसली, मी मागे, आणि आम्ही इंदिरानगरला निघालो.

"लाल आहे," पहिल्याच सिग्नलला आई म्हणाली.

"दिसतंय."

"हाही लाल—"

"दिसतंय गं!"

द्वारका चौकात पुन्हा लाल लागला. तिने काही सांगायच्या आधी बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं, आणि बघतच राहिले.

"तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

"त्या दिव्याच्या आधीपासून," आई म्हणाली. "आणि हे बटण दाबून जायचे नाहीत."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. बाबांना तो काही दिसला नाही, आणि आईनेही सांगितलं नाही.