माशाचा उपास

मासा जिवंत आहे की गेला, हे ओळखायचं असेल तर त्याच्या डोळ्यांवर जाऊ नका. पापण्या नसतातच त्याला, मेला तरी तुमच्याकडे बघतच असतो. कल्ले बघायचे. ते हलत असले की अजून आशा आहे. हे मला कोणी शिकवलं नाही. थंडीतल्या एका सकाळी दिवाणखान्यात आले तर आमचा गोल्डफिश पाण्यावर आडवा, पोट वर. टाकीसमोर बसून बघत राहिले तेव्हा कल्ला हलला, आणि माझ्याही जिवात जीव आला.

टाकी तशी माझ्या नातीची. मुलाची बदली बंगळूरला झाली, तेव्हा कपाटं, फ्रीज सगळं ट्रकमध्ये चढलं, पण पाण्याची टाकी कशी चढणार? ती इथेच राहिली, नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये, माझ्याजवळ. हे जाऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा आता घरात हलणारं असं मी आणि तो मासा, दोघंच.

रविवारी व्हिडिओ कॉल येतो. नातीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आजी, मासा दाखव." मी फोन काचेशी धरते, मासा तोंड उघडमीट करत पुढे येतो, ती हसते, शाळेतलं काहीबाही सांगते आणि त्या ओघात मलाही विचारते, जेवलीस का म्हणून. मासाच नसला तर फोनवर माझ्याकडे दाखवण्यासारखं काय आहे सांगा बरं?

म्हणून फोटो काढला आणि स्टेशनकडच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोटो मोठा करून पाहिला.

"पोट बघा मावशी, लिंबासारखं झालंय. दिवसातून किती वेळा खायला टाकता?"

"तो काचेशी येईल तेव्हा."

"तो तर येणारच. पोट भरलेलं कळत नाही त्याला. त्यात ही थंडी, पचन आधीच मंद. फुगलेल्या पोटानं तोल जातो, मग असा उलटा होतो."

"मग औषध द्या काहीतरी."

"औषध म्हणजे खाणं बंद. तीन-चार दिवस काही टाकायचं नाही. पाणी थोडं कमी करा, म्हणजे त्याला वरखाली करताना दम लागणार नाही. नवीन पाणी ओतायचं तर आदल्या दिवशी नळाचं भरून ठेवलेलं. नंतर हिरवा वाटाणा उकडून, साल काढून, चिमटीत कुस्करून द्या."

"आजारी जिवाला उपाशी ठेवू?"

"तुम्ही त्याला पाहुण्यासारखं ठेवलंय मावशी. पाहुणा निदान पुरे तरी म्हणतो."

घरी येऊन सुनेला फोन केला. ती म्हणाली, "आई, उलटा झाला म्हणजे तो जायचाच आता. हिला मी सांगेन हळूहळू. तुमचीही पाणी बदलायची कटकट मिटेल."

"कटकट कसली गं," एवढंच म्हटलं.

उपास मी जन्मभर केले, पण दुसऱ्याला उपाशी ठेवायची मला सवय नाही. हा आडवा तर आडवा, माझी चाहूल लागली की वल्हवत काचेशी यायचा, आणि मी हात पदरात धरून बसायची. खाण्याचा डबाच वरच्या फळीवर टाकला. त्याच्यासमोर घास उतरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवायची. दुकानदाराने सांगितलेले दिवस भरले, तेव्हा शेंग सोलून एका वाटाण्यासाठी गॅस पेटवला. या घरात थंडीत परात भरभरून वाटाणे सोललेत मी. आता इवल्या पातेल्यात एकच दाणा नाचत होता.

खाल्ला त्याने. संध्याकाळी लांबलचक दोरीसारखी घाण टाकली, आणि ती बघून मला इतका आनंद झाला की कोणाला सांगावं कळेना. हळूहळू पोट उतरलं. शेपटी जराशी वर राहायची, पण सरळ पोहायला लागला.

रविवारी फोन आला. मासा टाकीतल्या रोपामागे कोपऱ्यात बसलेला.

"आजी, तो येत का नाही? खायला दाखव ना त्याला."

"सकाळीच झालंय त्याचं. आता उद्या."

"थोडंसंच."

"नको राणी, पोट बिघडतं त्याचं."

"मग मी काय बघू?"

मी आहे ना, असं ओठांवर आलं होतं. तिने फोन कुठेतरी ठेवून दिला. मला त्यांच्या घराचा पंखा दिसायला लागला, पांढरा, बंद. मिक्सरचा आवाज आला. मुलगा टॉवेल कुठेय म्हणून विचारत होता. मी काही फोन बंद केला नाही. तो पंखा बघत बसले, कानाने त्यांच्या घरात हिंडत राहिले.

बऱ्याच वेळाने मासा रोपामागून निघाला. संथ, सरळ, कशाचीही घाई नसल्यासारखा. तेवढ्यात पंख्याच्या जागी सुनेचा चेहरा आला.

"अहो आई, चालूच आहे होय फोन? ठेवला का नाहीत?"

"मासा बाहेर आलाय. तिला पाठव जरा."

"ती खाली गेली खेळायला."

"मग तू बघ," मी म्हटलं, आणि फोन काचेशी धरला.