उभी चित्रं, आडवा तक्ता

अमरावतीच्या एका शेती कॉलेजात फळबाग शिकवणाऱ्या सरांनी मला फसवलं. माझी चित्रं घेतली, छापली, खाली स्वतःचं नाव घातलं. आणि चूक झाली तेव्हा ती माझ्यावर ढकलली.

"माफ करा. या बाईंनी चुकीचं शिकवलं. अडाणी आहेत."

अकोल्याहून आलेल्या पाहुण्यांना सर हे सांगत होते. मी हिरव्या जाळीच्या मागे उभी होते. तिथंच थांबायला सांगितलं होतं. पायाला माती होती म्हणून.

मी मोर्शीची. चौदाव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या रोपवाटिकांत संत्र्याचे डोळे बांधले, म्हणजे कलमं केली. आज माझी स्वतःची रोपवाटिका आहे. परतवाड्याचे बागवाले माझ्याशी भाव करताना घाम पुसतात. मी फुकट काही देत नाही. फुकटचं ऐकूनही घेत नाही.

कॉलेजात सुदान, येमेनची पोरं शिकायला आली. सरांचे पडद्यावरचे फोटो पाहून त्यांना डोळा बांधता येईना, म्हणून मला बोलावलं. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी. मी संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि कोळशानं एका ओळीत पाच चित्रं काढली. जंबेरी लिंबाच्या खुंटाची साल चिरा. संत्र्याचा डोळा काढा. सालीत बसवा. पट्टी बांधा. डोळा फुटला की खुंटाचा शेंडा छाटा.

सुदानच्या यासीननं सगळ्यात आधी शेंडाच छाटला.

"काहून रे, मुंडकंच उडवलं त्याचं!" मी ओरडले.

त्यानं वही उघडून समोर धरली. अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहिलेली. चित्रंही त्यानं तशीच वाचली होती. शेवटचं आधी.

मी तिथंच बसून पुठ्ठा फाडला. दुसऱ्यावर चित्रं एकाखाली एक काढली. वरून खाली सगळेच वाचतात. पोरं शिकली. यासीन पुठ्ठा खुंटाला टेकवायचा, खालची चित्रं हातानं झाकायचा, एक बघायचा, एक काम करायचा. वहीत उतरवूनही घेतली त्यानं. आठवड्यात त्याला पुठ्ठा लागेनासा झाला.

मग सरांनी पुठ्ठा मागितला. "तक्ता छापू. तुमचं मानधन काढतो."

"मले पैसे नको, सर. चित्राखाली माह्यं नाव पायजे."

"दिलं," सर म्हणाले.

त्याच देशांतली नवी पोरं आली, अकोल्याचे पाहुणे आले, तक्ता लागला. चकचकीत. चित्रं माझी, नाव सरांचं. आणि पाचही चित्रं आडवी. भिंतीवर शोभावीत म्हणून. आकडेसुद्धा नाहीत. नव्या पोरांनी तक्ता पाहिला, कात्र्या उचलल्या आणि पाहुण्यांदेखत नऊ खुंटांचे शेंडे छाटले.

तेव्हा सरांनी मला अडाणी म्हटलं.

मी जाळी बाजूला केली. मातीच्या पायांनी आत गेले.

"सर, मी चित्रं उभी काढली होती. तुमी आडवी काहून केली?"

"बाई, पाहुण्यांसमोर तमाशा नको. नंतर बोलू."

"नंतर नाही. आताच बोला."

यासीन पुढे आला. वही उघडून पाहुण्यांपुढे धरली. चित्रं उभी. सरांनी घड्याळ पाहिलं आणि पाहुण्यांना चहाला नेलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई कागद घेऊन आला. चूक माझी होती असं लिहून सही करायची, मग हंगामाचं काम चालू. मी कागद तसाच परत पाठवला. पण बोलणं मोर्शीपर्यंत पोचलं होतं. ही बाई डोळा चुकीचा बांधते. दोन बागवाल्यांनी सांगून ठेवलेली रोपं नको म्हटली. वीस वर्षांचा माझा हात एका वाक्यात खोटा ठरला.

मला माफी नको. सरांनी त्याच भिंतीपुढे, त्याच पोरांसमोर, एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. माझी चित्रं उभी का होती? मला माहीत आहे. यासीनला माहीत आहे. तक्त्यावर ज्याचं नाव आहे, त्याला माहीत असायलाच पाहिजे.

सांगा, सर.