पालथी गन

अनस होडेकर समुद्राला घाबरतो. आजोबा तांडेल, बाप जहाजावर खलाशी, आडनावातच होडी. आणि हा माणूस भाट्याच्या पुलावरून जाताना रिक्षात मधोमध बसतो. कुत्र्याला घाबरतो, विजेच्या कडकडाटाला घाबरतो, मुलीच्या शाळेतून फोन आला तर उचलण्याआधी बिस्मिल्ला म्हणतो. अशा माणसाने रत्नागिरीत लोकांच्या हातात बंदुका द्यायचा धंदा काढला, याचं त्याच्या बायकोला, खतिजाला, अजून हसू येतं.

बंदुका रंगाच्या. मिरजोळ्याच्या पुढे बंद पडलेल्या एका चिरेखाणीत त्याचं पेंटबॉलचं मैदान आहे. दोन बाजूंना जांभ्याचे उभे कडे, उरलेल्या दोन बाजूंना मिरकरवाड्यातून आणलेली मासेमारीची जुनी बारीक जाळी, दुहेरी बांधलेली. आडोशाला चिऱ्यांचे ढीग. गोटीएवढी, आत रंग भरलेली गोळी हवेच्या दाबाने सुटते, अंगावर फुटते, वळ उठतो, लोक हसतात. डोळ्यावर बसली तर डोळा जातो.

हे अनसला नुसतं ऐकून माहीत नाही. मस्कतला अशाच एका मैदानावर तो गन दुरुस्त करायचा. तिथे एका गिऱ्हाइकाने घाम पुसायला मास्क वर केला होता. त्या माणसाला उचलून गाडीत घालणाऱ्यांत अनस होता. नोकरी सुटली तेव्हा त्याने मैदानाच्या जुन्या, मोडीत काढलेल्या गन आणल्या, आणि ती भीतीही बरोबर आणली.

इथलं मैदान त्याने त्या भीतीच्या जोरावरच चालवलं. खेळ संपला की तो जाळीबाहेरून शिट्टी वाजवून ओरडायचा, "पालथी!" सगळ्यांनी गन उलटी धरायची. गनवर गोळ्यांचा डबा बसवलेला असतो, त्याला हॉपर म्हणतात. गन पालथी केली की गोळ्या गनमध्ये उतरायच्याऐवजी डब्यातच मागे जायच्या. तशीच उलटी धरून जमिनीत एक बार काढायचा, म्हणजे आत अडकलेली गोळी निघून जाते. मग डबा गनवरून काढायचा, आणि त्यानंतरच मास्क काढायचा. मस्कतला नळीवर कापडी टोपी चढवत. इथे टोप्या हरवायच्या, म्हणून ही रीत अनसने स्वतः बसवली होती. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांना ती इतकी पाठ झाली होती की शिट्टी वाजली की हात आपोआप वळायचे.

त्रास वेगळाच होता. जुन्या हॉपरमधून गोळ्या नुसत्या आपल्या वजनाने खाली पडायच्या. कुणी भराभर चाप ओढला की गोळी अर्धीच उतरलेली असायची आणि आतला दट्ट्या तिला चिरडायचा. मग आत सगळा लगदा, आणि नळीतून रंग ठिबकायचा.

"अनसभाई, तुमची गन शेंबडी आहे हो," लोक म्हणायचे.

थट्टेचं त्याला काही वाटत नसे. पण गन अडली की माणूस ती हलवतो, थोपटतो, आणि शेवटी मास्क वर करून नळीत डोकावतो. कितीही बजावा, कुणीतरी डोकावायचाच. तेव्हा अनस जाळीबाहेरून असा किंचाळायचा, की नवीन माणसाला वाटावं साप निघाला.

म्हणून त्याने गन सुधारायला घेतल्या. मोटर असलेले हॉपर मागवले. यातलं चाक गोळ्या सारखं पुढे ढकलत राहतं. एक गोळी सुटली की दुसरी जागेवर हजर. हॉपर डुगडुगू नये म्हणून गनच्या मानेला, म्हणजे हॉपर बसतो त्या तोंडाला, आवळपट्टी बसवली. गोळीला जागेवर धरून ठेवणारे आतले रबरी अडसर झिजले होते, तेही बदलले. मग प्रत्येक गन घेऊन तो मागच्या अंगणात उभा राहिला आणि मास्क लावून एका चिऱ्यावर गोळ्या झाडत राहिला. एकही अडली नाही.

"घरात चोर शिरला तर गोळी झाडायच्या आधी त्याला मास्क द्याल तुम्ही," खतिजा दारातून म्हणाली.

"देईन," अनस म्हणाला.

सगळ्या गन त्याने सरळ धरून तपासल्या. उलटी धरून कुणी लढत नाही, त्यामुळे उलटी धरून बघावं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

नव्या हॉपरवर पहिली आली ती एका बँकेतली मंडळी. नेहमीचीच. त्यांच्या मॅनेजर दीपाली मॅडम आणि क्लार्क ऋत्विक मुद्दाम समोरासमोरच्या टीममध्ये असायचे. खेळ रंगला. गन धडाधड चालत होत्या, कुणी थोपटत नव्हतं, कुणी डोकावत नव्हतं. अनस खेळ चालू असताना खुर्चीवर बसला, हे मदतीला आलेल्या खतिजाने पहिल्यांदाच पाहिलं.

"बरं नाय काय?" तिने विचारलं.

शिट्टी झाली. "पालथी!" गन वळल्या, तांबड्या मातीत बार निघाले, डबे निघाले. मंडळी हसत, धापा टाकत जाळीच्या दाराशी आली आणि मास्क कपाळावर चढले. ऋत्विकने आपला हॉपर अनसच्या हातात दिला. मोटर चालूच होती. अनसने तो तळहातावर धरला, तोंड वर करून.

तोंडातून एक गोळी वर चढली. क्षणभर काठावर थांबली आणि त्याच्या बोटांवरून खाली पडली. तिच्यामागून दुसरी.

गोळ्या वर चढत होत्या. चाक त्यांना ढकलत होतं. उलटं काय, सुलटं काय, त्याला फरक नव्हता. म्हणजे जमिनीत बार काढला त्याच क्षणी पुढची गोळी आत जाऊन बसली होती. नवा अडसर तिला घट्ट धरून होता. इथली प्रत्येक गन भरलेली होती आणि इथला प्रत्येक चेहरा उघडा होता. अनस ओरडला.

"मास्क! मास्क घाला!"

"झाला हो खेळ, भाई," कुणीतरी म्हणालं. अनस नेहमीच ओरडतो.

"मॅडम," ऋत्विक हसत म्हणाला, "गणपतीची रजा नामंजूर केलीत ना?" आणि त्याने गन उचलली.

अनसच्या तोंडून जे निघालं त्यात शब्द नव्हता. त्या किंकाळीने दीपाली दचकली, तिची मान खाली गेली, आणि त्याच वेळी गोळी सुटली. कपाळावर चढवलेल्या मास्कच्या काचेवर ती फुटली. पिवळा रंग भुवईवरून गालावर ओघळला.

दोघेतिघे हसले. मग हसू थांबलं. दीपालीने डोळ्याला हात लावला, बोटं पाहिली, पुन्हा लावला.

"दिसतंय," ती म्हणाली. "दिसतंय मला."

"रिकामी होती ती," ऋत्विकचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी पालथी केली होती, भाई. बारही काढला होता. शप्पथ."

"तू सांगितलं तसंच केलंस," अनस म्हणाला. "सांगणारा चुकला."

त्याने आधी सगळ्यांना मास्क घालायला लावले. मग एकेक गन हातात घेतली आणि मातीत झाडली. प्रत्येकीतून गोळी निघाली.

आता रीत बदलली आहे. खतिजाने जुन्या जीन्सच्या टोप्या शिवल्या, दोरी लावून गनलाच बांधल्या. शिट्टी झाली की मास्क तसाच ठेवून ओळीने दाराशी यायचं. अनस स्वतः हॉपर काढतो, गन सरळ धरून मातीत झाडतो, गनच्या मानेत बोट घालून बघतो, टोपी चढवतो. शेवटच्या गनला टोपी चढेपर्यंत दार उघडत नाही. "भाई, आत भट्टी झालीय," लोक कुरकुरतात. काहींचे हात अजूनही शिट्टीबरोबर गन पालथी करतात. ते दिसलं की अनस आधी त्यांचीच गन हातात घेतो.

दीपालीचा तो मास्क खतिजाने त्याच दिवशी साबणाने धुऊन बाकीच्यांबरोबर वाळत घातला. गिऱ्हाइकाला काय डाग दाखवायचा, असं तिचं म्हणणं. आता सगळे मास्क सारखेच दिसतात. तो कोणता, हे अनसला ओळखता येत नाही. त्यामुळे प्रत्येक मास्क हातात देताना तो त्याची काच एकदा अंगठ्याने दाबून बघतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळतो.