एकच मासा

मंचरला शोभेच्या माशांचं एक दुकान आहे. माशांचं खाणं घ्यायला मी तिथं गेलो होतो, तेव्हा निरगुडसरचे एक गृहस्थ भेटले. साठी उलटलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा आणि पिशवीत घरच्या टाकीतल्या पाण्याची बाटली. मुलानं हौसेनं खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी मांडली होती. तो परदेशी गेला आणि मागं मासे मेले. पाणी मात्र यांनी सांभाळून ठेवलं होतं.

दुकानदारानं ते पाणी तपासलं आणि चांगलं असल्याचं सांगितलं. मग ते एकेका काचेपुढं वाकून उभे राहू लागले. पिवळा मासा त्यांना आवडला, पण त्याला दोन फूट पुरत नाहीत. निळा दुसऱ्यांना चावतो. शेवटी दुकानदारानं पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी क्लाउनफिश दाखवला.

"ह्यो माणूस वळखतो का?" त्यांनी विचारलं.

"रोज खायला घालणाऱ्याला ओळखतो. जोडी न्या काका, लहान टाकीत दोन आरामात राहतात."

"न्हाई, एकच द्या. दोन असलं की एकमेकांकडंच बघत बसतील."

नंतर ते मला एसटी स्टँडच्या बाकावर दिसले. माशाची पिशवी डोळ्यांसमोर धरून ते हळूच डावीकडं, मग उजवीकडं सरकत होते, मासा वळतो का ते बघत. जाऊन बोलावंसं वाटलं. पण मी शेजारी बसलो, तर मासा माझ्याकडं बघेल, म्हणून मी लांबच उभा राहिलो.