येशीवर थांबे पोर

धवलारीण ताल हाताने धरायची नाही, पायाच्या अंगठ्याने धरायची. गाताना चेहरा शांत, हात मांडीवर, आणि उजवा अंगठा सारवलेल्या जमिनीवर टक टक. दारातली तेवढी एक जागा कायम उकरलेली असे. सून वैतागायची आणि पुन्हा सारवायची.

लग्नात देवांना बोलावण्यापासून पोरीला सासरी धाडेपर्यंतची सगळी गाणी म्हणते, ती धवलारीण. ही उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर राहायची. मी तेव्हा एम.ए.ला होते आणि प्रबंधाला विषय घेतला होता लग्नगीतांतले छंद, यमक आणि पुनरावृत्ती. पहिल्याच दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मावशी, तुमच्या प्रत्येक चरणात आठ अक्षरं आहेत." ती खो खो हसली. "आठ? बरं झालं गो सांगितलंस. येवढी वर्सं मी न मोजताच गात व्हते!" अक्षर कमी पडलं की ती 'गो' घालायची. मी वहीत लिहिलं, 'पादपूरक', आणि तिला अर्थही समजावला. "पूरक कसला? समोर बाई बसलीय, तिला हाक नको मारायला?"

प्रत्येक ओळ दोनदा का, हेही मी विचारलं. "येक डाव आयकनारीसाठी, दुसऱ्या डावाला माझ्यासाठी. दुसऱ्यांदा म्हनते तवर पुढची वळ येते." हे वाक्य माझ्या मार्गदर्शकांना फार आवडलं. मला वाटलं, गड जिंकला.

पाठवणीचं गाणं सगळ्यात लांब. तिसऱ्या कडव्यापर्यंत मला त्याचा सांगाडा कळला होता, ऊन चढलं होतं, खाली उतरून गाडी गाठायची होती. ती गातच होती आणि मी लिहिलं, 'पुढील कडवी याच चालीत, इत्यादी.' वही मिटली.

बारा वर्षांनी सुनेचा फोन आला. "ताई, म्हातारी इसराया लागली. आठ दिसांवर नातीचं लगीन. पाठवनी दुसऱ्या कुनाला येत नाय. तुमच्या वहीत हाय ना?"

शहापूरहून मी तशीच निघाले. धवलारीण दारातच बसली होती. तिने मला ओळखलं नाही, वहीला ओळखलं. लगेच गायला लागली, "येशीवर थांबे पोर, मागं वळून बघते..." दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा. पाचव्यांदा. अंगठा बिनचूक चालत होता, पुढची ओळ येत नव्हती. मग माझा हात घट्ट धरून रडवेल्या आवाजात म्हणाली, "पोर कवाची येशीवर उभी हाय गो. तिला तिथंच ठेवू का? बघ ना, तू लिवलं व्हतंस."

वहीत वेशीवरच्या पोरीची तीच ओळ शेवटची होती. तिच्याखाली माझ्या वळणदार अक्षरात 'इत्यादी'.

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. होतं नव्हतं ते सगळं शिक्षण पणाला लावलं. आठ-आठ अक्षरं मोजली, 'बघते'ला यमक जुळवलं आणि तिच्याच चालीत म्हटलं, "डोळे पुसून आईला, येते म्हणून सांगते."

अंगठा थांबला. "माप बरोबर हाय गो," ती म्हणाली, "पन पोर हालली नाय."

लग्नात तिने तीच ओळ धरली. बायका तिच्यामागून म्हणत होत्या, मग एकेक करून गप्प झाल्या. नात गाडीत बसून मुरबाडच्या वाटेला लागलीसुद्धा, तरी धवलारीण म्हणतच होती. मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझ्यासारखी कोरडी, करंटी बाई त्या मांडवात दुसरी नव्हती.

भाताची कापणी व्हायच्या आत ती गेली. माझा प्रबंध ग्रंथालयात आहे. त्याला चांगले गुण मिळाले होते. आता कॉलेजात पुनरावृत्ती शिकवायची वेळ आली की मी ती ओळ फळ्यावर लिहिते, दोनदा. मुलं पेन उघडून पुढच्या ओळीची वाट बघत बसतात.